दुसरी जामीनदार

आरोग्य उपकेंद्र, मुरूमटोला, ता. धानोरा
१८ ऑक्टोबर २०२४

धनराज,

पत्र पाहून दचकू नकोस. तुझा फोन दीड महिन्यापासून बंद आहे आणि इथे माझ्या फोनला रेंज नाही, म्हणून पोस्टाचे पाय धरले. रेंज पाहिजे असेल तर शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागतं. सोमवारी चढले. वर पोचले तसे फोनमध्ये धडाधड मेसेज पडायला लागले. मला वाटलं, घरी कोणी वारलं. पाहते तर सगळे तुझ्या पतसंस्थेचे.

तीन हप्ते थकले म्हणे. 'कर्जदार श्री. धनराज दोनाडकर यांनी रक्कम न भरल्यास जामीनदार म्हणून आपल्या पगारातून वसुली करण्यात येईल.' आपलं होळीला तुटलं. तुझं तुझ्या वाटेने आणि माझं माझ्या वाटेने, असं दोघांनी शहाण्यासारखं ठरवलं. पतसंस्थेला मात्र कोणी कळवलं नाही.

आणखी ऐक. मला पाच टोल्या-वस्त्यांवर लसी घेऊन पायी फिरावं लागतं, म्हणून गाडीसाठी कर्ज मागायला गडचिरोलीच्या बँकेत गेले होते. साहेबाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि घरात कोणाला क्षय आहे का विचारावं तशा आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाले जामीन हाव का?" मी हो म्हणाले. त्याने माझी फाईल मला परत दिली, वर पाणीही दिलं.

चूक माझीच आहे. गावोगावी बायांना सांगत फिरते की विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घेऊ नका. आणि स्वतः, तू बोट ठेवलंस तिथे तिथे सही करत गेले. तेव्हा तू तुझ्या नाटकाच्या लाइटांबद्दल बोलत होतास आणि मला वाटत होतं, हा माणूस एवढा उजेड आणणार आहे तर कागद कशाला वाचायचे.

आता तू कर्ज दुसऱ्या बँकेत ने, नाहीतर दुसरा जामीनदार उभा कर. कसंही कर, पण संक्रांतीपर्यंत माझं नाव काढ.

पुनम राऊत

*

ब्रह्मपुरी
२७ ऑक्टोबर २०२४

पुनम,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं, मग वाटलं खोडलेलं जास्त दिसतं, म्हणून कागदच बदलला. थकलेल्या कर्जदाराला कागदाची अशी उधळपट्टी शोभत नाही. तू शेवटी 'पुनम राऊत' अशी आडनावासकट सही केलीस. मी दहा-बारा पुनम ओळखून आहे असा तुझा समज दिसतो.

फोन बंद का, ते सांगतो. पतसंस्थेचे वसुलीसाहेब सकाळी चहाच्या आधी फोन करायचे. कुठे आहात, काय करून राह्यले, जेवले का. शाळेत असताना माझी इतकी चौकशी घरच्यांनीही केली नव्हती. शेवटी मला त्यांची सवय लागेल अशी भीती वाटली आणि मी फोन डब्यात टाकला.

हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हे मात्र खरं मान. तीन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या बँकेत नवे तरुण साहेब होते, आपल्या भागातले नव्हेत. मी सांगितलं की मी नाटकांना लाइट लावतो, वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर फिरतो, दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा आणि रात्रभर नाटकं, सुरू होतात आणि होळीपर्यंत काम चालतं.

"आणि बाकीचे सात महिने काय करता?"

"वाट पाहतो."

"कशाची?"

"दिवाळीची, साहेब."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. फार लांबलचक नसावं.

दुसऱ्या बँकेतल्या बाईंनी तीन वर्षांचे आयकराचे कागद मागितले. मी म्हटलं, बाई, माझं उत्पन्न बघून आयकरवालेच मला काहीतरी देऊन जातील. त्या हसल्या नाहीत. तिसरी एक फायनान्सची कंपनी आहे. तिथे थंड पाणी दिलं, चहा दिला, 'सर' म्हणाले, आणि जुनं कर्ज फेडून नवं द्यायलाही तयार झाले. व्याज ऐकलं तेव्हा कळलं की चहा कुठून येतो. त्या व्याजाने मी मेल्यावर माझ्या भुतालाही हप्ते भरावे लागले असते. आणि जामीनदार तर तिन्ही ठिकाणी पाहिजेच.

नागभीडच्या डेकोरेशनवाल्या हाफिजभाईंनी विचारलं, शार्पी विकतोस का. त्या फिरणाऱ्या लाइटा म्हणजे माझं सगळं भांडवल, चार वर्षांपूर्वी कर्ज काढलं ते त्यांच्यासाठीच. मी म्हटलं, हाफिजभाई, डोळेपण काढून देऊ का? ते म्हणाले, "डोळे ठेव, रडायला लागतील." मस्करी चालते त्यांची.

तू काळजी करू नकोस. आमच्या गावची मंडई बावीस नोव्हेंबरला आहे. दोन्हीकडचे सगळे सोयरे नाटकाला येतात. पगारदार माणसं एका पंगतीत आयती सापडतात. त्यातलाच एक तुझ्या जागी बसवतो.

एक विचारतो, राग मानू नकोस. तू थेट पतसंस्थेला अर्ज करू शकली असतीस. पण तू मला पत्र लिहिलंस. चांगलं दोन पानी लिहिलंस. मी त्यातून काही अर्थ काढत नाही, फक्त नोंद घेतो. तिकडे थंडी लवकर पडते. तो मरून रंगाचा स्वेटर आहे ना तुझ्याकडे?

धनराज

*

मुरूमटोला
९ नोव्हेंबर २०२४

धनराज,

स्वेटर भाचीला दिला.

अर्ज मी आधी पतसंस्थेलाच केला होता. उत्तर आलं की कर्जदाराच्या संमतीशिवाय जामीनदार बदलत नाही. म्हणून तुला पत्र. कर्जाची कागदपत्रंही दोन पानीच असतात, त्यातून तू काय अर्थ काढलास ते आपण भोगतोच आहोत.

मंडईत जामीनदार शोधायची कल्पना वाईट नाही. एवढं कर, पाहुण्यांना जेवायच्या आधी विचार. भरल्या पोटी माणूस झोपतो, सही करत नाही.

पुनम

*

ब्रह्मपुरी
२४ नोव्हेंबर २०२४

पुनम,

जेवायच्या आधी विचारलं नाही. पाहुणा दारात आला, पाय धुतले, आणि त्याच्या हातात टॉवेलऐवजी पेन द्यायचं, हे काही मला जमलं नाही. शिवाय मला वाटलं, मटण चांगलं झालं तर काम सोपं होईल. म्हणून मटण चांगलं केलं. एक थकलेला हप्ता भरून झाला असता, एवढं चांगलं केलं.

लटारूमामा आले, जावई देवराव आले, आत्या आली. सगळे वाकून वाकून जेवले. वाढता वाढता मी लटारूमामाच्या पानाशी बसलो आणि हळूच विषय काढला. मामा शिक्षक, पगार भक्कम. मामाच्या हातातलं हाडूक तसंच राहिलं.

"जामीन? मी त राह्यलो असतो बाप्पा. पण तुही मामी लय बेकार हाय."

मामी शेजारच्याच ओळीत होती. ती म्हणाली, "माह्यं नाव काऊन घेता? तुमाले नाई राहाचं त नाई म्हणा."

देवराव जावयाने तर मान वर न करता सांगितलं की त्याचं स्वतःचंच सिबिल बिघडलं आहे. सिबिल म्हणजे काय ते त्याला माहीत असावं असं वाटलं नाही, पण शब्द त्याने फार वेळेवर काढला. मग एकेकाला एकाएकी नाटकाची आठवण झाली. पुढची जागा धरायची म्हणून सगळे उठले. मुखरूकाका तेवढे बसून राहिले. ते तुझ्याबरोबरचे पहिले जामीनदार. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "मी त आधीच फसलो हावो. मले रस्सा वाढ."

मी रस्सा वाढत होतो. तेवढ्यात शकुआत्या हात धुऊन परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धनराज, त्या पुनमचं जमलं म्हणते ना रे? नागभीडले. फॉरेस्टगार्ड हाय पोरगा. साक्षगंध बी झालं म्हणते दसऱ्याले."

मी म्हटलं, "हो, मले माहीत हाय." आणि काकांच्या पानात रस्सा ओतत राहिलो, तो पत्रावळीवरून खाली वाहून त्यांच्या धोतरावर गेला. त्यांनी मला काही म्हटलं नाही. त्या दिवशी मला चांगलं वागवणारा तो एकच माणूस.

मग मी नाटकाला लाइट लावायला गेलो. नायिकेच्या लग्नाचा सीन होता. मंडपावर लाल उजेड पाडायचा तिथे मी हिरवा पाडला. लोकांना वाटलं, तिला विष दिलं.

गाडीसाठी कर्ज पाहिजे असं तू लिहिलं होतंस. गाडीवर मागे कोण बसणार, तेवढं लिहायचं राहिलं.

धनराज

*

मुरूमटोला
५ डिसेंबर २०२४

धनराज,

हो. साक्षगंध झालं. त्यांचं नाव खुशाल मैंद. लग्न एप्रिलमध्ये आहे.

गाडीचं खोटं नव्हतं, गाडी पाहिजेच आहे. पण लग्नाचं मी लपवलं, हेही खरं. तुला सांगितलं असतं तर तू दुःख करत बसला असतास. आणि तू दुःख करायला लागलास की दुसरं काही करत नाहीस, हे मी सहा वर्षं पाहिलं आहे. दुःखसुद्धा तू लाइट लावून करतोस. मला तुझं दुःख नको होतं, मला तुझं काम पाहिजे होतं. हिशोबी वाटेल, पण तसंच आहे.

मी आणखी एकापासून लपवलं आहे. खुशालला मी या कर्जाचं काहीही सांगितलेलं नाही. माझं एक जमलं होतं आणि ते तुटलं, एवढं त्यांना माहीत आहे. तुझ्या नावामागे माझा पगार बांधलेला आहे, हे माहीत नाही. मला त्या घरात ही गोष्ट पदराखाली घेऊन जायचं नाही. उद्या तिथे हप्त्याचा मेसेज येईल आणि मी फोन उलटा करून ठेवीन. मी खोटं बोलायला लागले की माझे कान लाल होतात, तुला माहीत आहे. सासूबाई पहिल्याच आठवड्यात मला ताप आला म्हणून काढा पाजतील.

आता एक कडू बोलते. हाफिजभाईंनी तुझ्या लाइटांना गिऱ्हाईक म्हणून विचारलं. तू ते मस्करीत उडवलंस. बँका फिरलास, मटण शिजवलंस, पण जो एक माणूस खरोखर पैसे द्यायला तयार होता, त्याच्याकडे परत गेला नाहीस. मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं तुला हे कर्ज फेडायचंच नाही. ते फिटलं तर मला पत्र लिहायला तुझ्याजवळ काही कारण उरत नाही.

माझं चुकत असेल तर तसं लिही. मला आवडेल माझं चुकलेलं.

पुनम

*

ब्रह्मपुरी
१५ डिसेंबर २०२४

पुनम,

तुझं साफ चुकतं आहे.

ऐन मंडयांमध्ये मी लाइट विकू? गावोगावचं बुकिंग घेतलं आहे, लोकांची पोस्टरं छापून झाली. थकलेल्या हप्त्यांतला एक मी परवाच भरला, पावती आहे. तुझ्यामागे माझं कर्ज बांधून ठेवायला मी काही सावकार नाही. सावकार असतो तर या दशेत असतो का?

सीझन संपला की बघू.

लग्नाबद्दल अभिनंदन. श्री. खुशाल मैंद यांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझे कान लाल होत नाहीत.

धनराज दोनाडकर

*

नागभीड
११ जानेवारी २०२५

धनराजभाऊंना खुशाल मैंदचा नमस्कार.

आपली ओळख नाही. पुनमने मागच्या रविवारी मला सगळं सांगितलं. कर्जाचं, जामिनाचं आणि तुमच्या पत्रांचं. सांगताना तिचे कान लाल झाले होते, म्हणून मला वाटलं की खोटं बोलते आहे. नंतर कळलं, खरं बोलतानाही होतात.

मला राग आला, हे लपवत नाही. तिचा थोडा आणि तुमचा पुष्कळ. दोन दिवस जंगलात गस्तीवर होतो. वाघिणीचे माग पाहायचे होते. मी खाली पाहून चालत होतो, पण डोक्यात तुम्हीच होता. सोबतचा मजूर म्हणाला, "साहेब, पंजे मागं राह्यले." म्हणजे मी वाघिणीच्या मागावरून चालत पुढे निघून गेलो होतो. असा राग परवडण्यासारखा नाही. मग मी विचार करायला लागलो.

तुमचं काम मी पाहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडईत नाटक होतं. त्यात बाई लेकराला घेऊन नदीत उतरते, तिथे तुम्ही निळा उजेड हळूहळू वर चढवत नेला होता. आमची आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. पाणी लागेल म्हणून. घरी येईपर्यंत ती रडत होती. असं काम करणाऱ्या माणसाच्या लाइटा जाव्यात, असं मला वाटत नाही.

म्हणून मी पतसंस्थेत जाऊन विचारलं. जामीनदार बदलता येतो, बरोबरीचा पगार असलेला पाहिजे. माझा आहे. पुनमच्या जागी मी जामीन राहतो. तुम्ही तारीख सांगा, मी येऊन सही करतो. माझी एकच विनंती आहे, फोन चालू ठेवा. मी दर महिन्याच्या पाच तारखेला फोन करीन. रागावणार नाही, फक्त विचारीन.

पुनमला हे अजून सांगितलेलं नाही. ती नको म्हणेल.

तुमचा,
खुशाल

*

ब्रह्मपुरी
२२ जानेवारी २०२५

खुशालभाऊ,

तुमचं पत्र मी आधी चिडून वाचलं. त्यात माझा अपमान कुठे केला आहे ते शोधत होतो. सापडला नाही, म्हणून पुन्हा वाचलं. मग आणखी चिडलो. तुम्ही वाईट असता तर माझं फार सोपं झालं असतं. मी मनात तुमची चांगली जाड मिशी वगैरे काढून ठेवली होती.

तुम्ही मला कधी पाहिलं नाही आणि माझ्यासाठी सही करायला निघालात. माझ्या घरी पोटभर जेवून गेलेल्यांपैकी एकालाही ते जमलं नाही. मी घरी बसून विचार केला की आपण कोणासाठी अशी सही केली असती का. पुनमसाठी तरी? ती सहा वर्षं माझ्या मागे उभी होती. तिच्यामागे उभं राहायची वेळ आली की मी म्हणायचो, सीझन संपला की बघू. लग्नाचंही असंच तीन वर्षं बघत होतो. गेल्या महिन्यात तिने माझ्याबद्दल एक गोष्ट लिहिली. मी उत्तरात तिला तेच सीझनचं वाक्य लिहून पाठवलं. लिहिताना कळलंसुद्धा नाही. गाढवाला आपला आवाज गाणं वाटतो म्हणतात, माझं तेच झालं.

तुमची सही मी घेणार नाही. तिचं नाव निघेल, पण कर्ज तिच्याच घरात राहील. आणि तुम्ही दर पाच तारखेला प्रेमाने फोन कराल, ते मला वसुलीसाहेबांपेक्षा जड जाईल.

काल नागभीडला हाफिजभाईंकडे गेलो होतो. तुमच्या घरावरूनच गेलो असेन. शार्पी घेता का, विचारलं. त्यांनी आधी मला खाली बसवलं.

"काय झालं? मंडईचा सीझन सुरू हाय अन् तू लाइट विकून राह्यला?"

"कर्ज फेडाचं हाय, हाफिजभाई."

"कर्ज त चार सालापासून हाय. आज काऊन?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, तुमच्या पत्रासकट. मग त्यांनी दिवाळीच्या आधी म्हटला होता तोच भाव दिला. अडलेल्या माणसाचा भाव पाडता आला असता, पाडला नाही. वर म्हणाले, "लाइट माही, हात तुहा. कबूल केलेल्या गावाईले मीच लाइट देतो, तू चालव, मजुरी घे. पण वो हरा-लाल मत करना." लग्नाला विष दिल्याची बातमी नागभीडपर्यंत पोचली आहे.

पतसंस्थेचा नियम असा की दोन लाखांच्या आतल्या कर्जाला एकच जामीनदार लागतो. लाइटांचे पैसे भरले की मी आत येतो, आणि आमचे मुखरूकाका एकटे पुरतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी त फसलोच हावो." उरलेले हप्ते लांबवून छोटे करून घेतले आहेत. हंगामी माणसाला झेपतील एवढे.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पाण्याला भिऊन पाय वर घेणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. पैसे घेऊन बाहेर आलो तेव्हा तेवढं एकच आठवत होतं, आणि मला रडू आलं.

धनराज

*

ब्रह्मपुरी
२९ जानेवारी २०२५

पुनम,

तुझं चुकलेलं नव्हतं.

शार्पी विकल्या. पैसे भरले, कर्ज दोन लाखांच्या आत आलं. तुझं नाव काढायचा अर्ज मी दिला आहे. तुला सहीला स्वतः यावं लागेल. सोमवार, दहा फेब्रुवारी, दुपारी. ओळखपत्र आणि दोन फोटो आण. खुशालभाऊंना सोबत आणलंस तर मला चालेल. म्हणजे चालेल असं मी ठरवलं आहे.

या वेळी कागद वाचून सही कर.

धनराज

*

मुरूमटोला
१६ फेब्रुवारी २०२५

धनराज,

कागद वाचून सही केली, ते तू पाहिलंसच. मी इतका वेळ वाचत राहिले की साहेबांनी पंखा वाढवला. खरं सांगायचं तर पहिल्या पानानंतर मला काही दिसत नव्हतं. पानं उलटत होते एवढंच.

खुशाल येणार होते. मीच नको म्हटलं. ज्या सह्या मी एकटीने केल्या होत्या, त्या एकटीनेच पुसायच्या होत्या. त्यांनी तुला पत्र लिहिल्याचं मला त्यांनी नंतर सांगितलं. मी आधी त्यांच्यावर चिडले. मग तुझं उत्तर वाचायला दिलं त्यांनी. ते वाचल्यावर चिडायला कोणी उरलंच नाही.

आपण तिथे तासभर शेजारी शेजारी बसलो आणि बोललो काय, तर आरमोरीहून बस वेळेवर मिळाली का. तू वाळला आहेस. शर्टाचं वरचं बटण तुटलं आहे. हे तिथे म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तो क्लार्क मुलगा जुना कागद समोर ठेवून नवा भरत होता. 'कर्जदाराशी नातं' या रकान्यावर आला तेव्हा त्याने जुन्यावरचं मोठ्याने वाचलं, "भावी पत्नी." मग आपल्या दोघांकडे पाहून विचारलं, "आता काय लिहू?"

तू खिडकीकडे पाहायला लागलास. मीही पाहिलं. बाहेर एक बाई हरभऱ्याची भाजी विकत होती. आपल्या दोघांनाही ती भाजी घ्यायची नव्हती, तरी आपण पाहत राहिलो.

मग तू म्हणालास, "'काही नाई' लिहा."

"रकाना रिकामा ठेवता येत नाई, भाऊ."

तू म्हणालास, "मंग मॅडमले विचारा."

आणि माझ्या तोंडून निघालं, "ओळखीचे." त्याने ते लगेच लिहून टाकलं. त्याला केवढं हलकं वाटलं असेल. शिक्का बसला, आणि साहेबांनी मला अभिनंदन म्हटलं. कशाबद्दल, ते त्यांनाही कळलं नसावं.

बसमध्ये वैनगंगेच्या पुलापर्यंत मी चांगली होते. पुलावर रडू आलं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कोण गेलं माय? मी नर्स असून मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, दात दुखते. तिने आरमोरी येईपर्यंत मला लवंग चावायला लावली. जीभ अजून बधिर आहे.

ओळखीचे हा शब्द मी टाळायला म्हणून वापरला नाही. दुसरा कुठला खरा नव्हता. मित्र म्हटलं असतं तर तू हसला असतास, आणि कोणी नाही म्हटलं असतं तर माझे कान लाल झाले असते. तुला ओळखायला मला सहा वर्षं लागली. ती वाया गेली असं मला वाटत नाही. तुझ्या लाइटा गेल्या याचं मला फार वाईट वाटतं, आणि तू त्या विकल्यास याचा मला फार आनंद झाला. दोन्ही एकाच वेळी होतं, मी काही करू शकत नाही.

खुशाल चांगले आहेत. मी त्यांच्याबरोबर सुखी होईन असं मला वाटतं. लग्नाची पत्रिका तुला पाठवणार नाही. राग म्हणून नाही, तुला समजेल.

आता या कर्जावर माझं नाव नाही, म्हणून हे शेवटचं. उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर मी वाचीन.

पुनम